‘माले येस’ म्हणणारी पोर वर्गात गप्प का बसते?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी इंग्लिश मिडियम शाळेत शिकवते, वय २७, तिसरीचा वर्ग, पट ३८. यंदा जूनमध्ये तिच्या वर्गात एक मुलगी आली, आधी गावातल्या झेडपीच्या शाळेत होती. घरी अहिराणी, थोडीफार मराठी. पाच महिने झाले, वर्गात ती एक शब्द बोललेली नाही. गणिताचा पेपर अर्धा कोरा, तोही शाब्दिक उदाहरणांचाच भाग. पालकसभेत एका सिनियर मॅडमनी तिच्या आईला सांगितलं, घरात अहिराणी बंद करा, इंग्लिश कार्टून लावून द्या. आईनं मान हलवली. आता ती आई पोरीला ‘कम’, ‘ईट’, ‘स्लीप’ एवढंच बोलते आणि बाकी वेळ गप्प राहते, असं मुलीनंच मधल्या सुट्टीत सांगितलं. त्याच वर्गात शिरपूरच्या डोंगरपट्ट्यातून आलेला एक मुलगा आहे, तो घरी पावरी ही आदिवासी भाषा बोलतो, त्याला मराठीही जेमतेम. शाळेत इंग्लिशशिवाय दुसरं काही बोललं की मॉनिटर नाव लिहितो आणि पाच रुपये दंड. तो जमा करायचं काम क्लास टीचरचं. शेवटी तिनं लिहिलंय, ‘माझं माहेर पण अहिराणीच आहे, पण शाळेत मी कधी बोलत नाही. मुलगी मंद आहे का? तिला परत मराठी शाळेत पाठवा असं सांगू का? आणि आईला काय सांगू?’

ताई म्हणून पत्र लिहिलंस म्हणून मीही अगं-तुगंच करते.

तुझ्या पत्रात एक ओळ आहे, ती तू सहज लिहून गेलीस बहुतेक. मंगळवारच्या बाजारात तुला ती मुलगी दिसली, आईच्या शेजारी गोणपाटावर बसून मेथी आणि वांगी विकत होती, गिऱ्हाइकानं पन्नासची नोट दिली, अठ्ठावीस रुपये झाले होते, तिनं आईला न विचारता बावीस मोजून हातावर ठेवले आणि वर ‘वांगा ताजा शेत’, म्हणजे वांगी ताजी आहेत, म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाला हाकही मारली. आणि हीच पोर वर्गात वजाबाकी सोडवत नाही म्हणून तू मला विचारतेस, ती मंद आहे का. अगं, उत्तर तूच लिहून पाठवलंयस. जिला पन्नासातून अठ्ठावीस तोंडी वजा करता येतात, तेही गर्दीत, घासाघीस करणाऱ्या बायकांसमोर, तिला वजाबाकी येते. तिला काय येत नाही ते आपल्याला शोधायचंय.

तू पेपरातलं जे उदाहरण कॉपी करून पाठवलंस ते मी दोनदा वाचलं. टोपलीत ३६ पेरू होते, १४ विकले, ‘हाऊ मेनी आर लेफ्ट?’ आता त्या मुलीच्या जागी बसून बघ. ‘लेफ्ट’ हा शब्द तिला माहितीये, चांगला माहितीये, पीटीच्या तासाला रोज ऐकते, लेफ्ट-राइट-लेफ्ट. लेफ्ट म्हणजे डावा. मग पेरू डावे किती? याचं काय उत्तर लिहिणार ती? कोरं सोडलं हे उलट तिचा विचार चालू आहे याचं लक्षण आहे, कारण अर्थ लागत नाहीये हे तिला कळतंय. असेच फसवे शब्द गणितात खच्चून भरलेत. ‘टेबल’ म्हणजे मेज की पाढा की तक्ता, ‘डिफरन्स’ म्हणजे फरक की वजाबाकी, ‘ऑड’ म्हणजे विचित्र की विषम, ‘शेअर इक्वली’, ‘हाऊ मेनी मोअर’, ‘ऑल्टुगेदर’. इंग्रजी घरात वाढलेल्या मुलाला हे न शिकवता कळतं, आपल्या मुलांना कोणीतरी बसून सांगावं लागतं, आणि आपण सांगत नाही कारण शब्द साधे दिसतात. आपण ‘सब्ट्रॅक्शन’ फळ्यावर लिहून समजावतो, ‘लेफ्ट’ नाही समजावत.

या बाबतीतला माझा एक अनुभव सांगते, तो मला आजही टोचतो. मी मूळची साताऱ्याकडची, नोकरीनं साक्री तालुक्यात आले तेव्हा अहिराणी कानावर पडली नव्हती. दुसरीत एक मुलगा होता, मी इंग्रजीतून विचारलं, हे तुला येतं का, तो उठून उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, ‘माले येस!’ मी म्हटलं, नुसतं येस म्हणायचं, माले-बिले नाही लावायचं. तो खाली बसला. मला वाटलं मी त्याचं इंग्रजी सुधारलं. तो अहिराणीत म्हणत होता, मला येतं. ‘येस’ म्हणजे येतं, हे मला सहा महिन्यांनी शाळेतल्या मावशींकडून कळलं. पण त्या सहा महिन्यांत पोरगा एक गोष्ट पक्की शिकला होता, बाईंनी काहीही विचारलं की नुसतं ‘येस’ म्हणायचं, समजलं तरी येस, नाही समजलं तरी येस. त्याला काय येतं आणि काय नाही हे कळायची वाट मीच बंद केली होती. तुझ्या वर्गातली मुलं मान डोलावतात ना, अंडरस्टूड विचारलं की कोरसमध्ये येस मॅम म्हणतात ना, त्यातले किती येस खरे आहेत ते एकदा तपासून बघ. ‘समजलं का’ हा प्रश्नच विचारू नकोस. ‘दाखव’ म्हण, ‘काढून दाखव’, ‘शेजारच्याला सांग’.

आता त्या सिनियर मॅडमच्या सल्ल्याकडे येऊ. त्यांच्या मनात वाईट नाही, असं मी धरून चालते. त्यांना वाटतं की अहिराणीनं डोक्यातली जागा अडवलीये, ती रिकामी केली की इंग्रजी आत येईल. हे आपल्याकडे इतकं मुरलंय की सुशिक्षित घरांतही लोक मुलांशी आपली भाषा सोडून मोडकंतोडकं इंग्रजी बोलतात. पण डोकं म्हणजे काही पाण्याची टाकी नाही. वजाबाकी म्हणजे काय, पाऊस कसा पडतो, खोटं का बोलू नये, गोष्टीत पुढे काय होईल, हे एकदा कुठल्याही भाषेत कळलं की कळलं, दुसऱ्या भाषेत फक्त त्याची नावं शिकायची असतात. कॅनडात काम केलेले जिम कमिन्स म्हणून भाषाशिक्षणाचे अभ्यासक आहेत, त्यांनी हेच मांडलं की दोन भाषा वरून वेगळ्या दिसतात पण खाली एकच पाया असतो. म्हणून घरची भाषा जितकी भक्कम तितकी पुढची भाषा सोपी जाते. आईनं अहिराणी बंद केली तर पाया घालायचं काम थांबतं, आणि त्याच्या जागी येतं काय तर ‘कम’, ‘ईट’, ‘स्लीप’. तीन शब्द! ज्या पोरीशी आई कापूस वेचताना दिवसभर बोलायची, कुठलं बोंड उमललं, कुठलं किडलं, आजी आखाजीला झोक्यावर काय गायची, कानबाईच्या रोटांना गहू किती घ्यायचे, ते सगळं बोलणं बंद. कार्टूननं ते भरून निघत नाही. टीव्ही प्रश्न विचारत नाही, चुकलं तर थांबत नाही, उत्तर दिलं तर ऐकत नाही, आणि लहान मूल भाषा शिकतं ते देवाणघेवाणीतून. मला त्या पत्रातलं सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटलं असेल तर त्या माऊलीच्या गप्प होण्याचं, कारण तिनं शाळेवर विश्वास ठेवून, लेकीच्या भल्यासाठी तोंड मिटलंय.

पाच महिने गप्प राहण्याचं म्हणशील तर मला त्यात फार काळजीचं दिसत नाही. नवी भाषा कानावर पडायला लागली की पुष्कळ मुलं आधी नुसती ऐकतात, काही आठवडे, काही महिने. तान्हं मूल नाही का वर्षभर ऐकतं आणि मग बोलतं. जबरदस्तीनं उभं करून बोलायला लावलं तर ती शांतता लांबते. पण गप्प आहे म्हणून विसरूनही जायचं नाही, रोज काहीतरी न बोलता करण्यासारखं द्यायचं, पाटीवर उत्तर लिहून वर धरायचं, चित्रावर बोट ठेवायचं, कार्ड क्रमानं लावायची. आणि एक तपासणी मात्र कर, कान. मधल्या सुट्टीत बोलते म्हणजे ऐकू येत असणारच, तरी सर्दी-कान फुटण्यानं कमी ऐकू येणारी बरीच मुलं मी पाहिलीत, उपजिल्हा रुग्णालयात दाखवायला आईला सांग. दुसरं, ती घरी, बाजारात, मैत्रिणींत अहिराणीत नीट बोलते, गोष्ट सांगते, सांगितलेलं लक्षात ठेवते का बघ. तिथंही अडखळत असेल तर वेगळा विचार करू. तिथं ठणठणीत असेल तर ती अडचण भाषेची नाही, इंग्रजीच्या ओळखीची आहे. इंग्लंडमध्ये शाळांत साधारण पाचातल्या एका मुलाच्या घरी इंग्रजीपेक्षा वेगळी भाषा असते, पंजाबी, उर्दू, पोलिश, बंगाली, आणि तिथल्या २०१४ च्या कायद्यातच लिहिलंय की घरची भाषा वेगळी आहे एवढ्याच कारणावरून मुलाला शिकण्याची अडचण आहे असं धरायचं नाही. ज्यांची इंग्रजी आहे ते लोक हे मान्य करतात, आणि आपण खानदेशात बसून अहिराणी पोरीला मंद ठरवायला निघालो.

किती वेळ लागेल हे पण खरं सांगते, कारण दिवाळीनंतर फरक पडला नाही तर तू खचशील. कमिन्स यांनी १९७९ मध्ये दोन प्रकार वेगळे केले. एक बोलण्यापुरतं इंग्रजी, ‘मे आय गो टू वॉशरूम’, ‘गिव्ह मी पेन्सिल’. दुसरं अभ्यासाचं इंग्रजी, ज्यात ‘बिकॉज’, ‘देअरफोर’, ‘कम्पेअर’ असतं, ज्यात न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल वाचायचं-लिहायचं असतं. पहिलं यायला साधारण दोन वर्षं आणि दुसरं यायला पाच ते सात, असा त्यांचा अंदाज, आणि तो परदेशात जाऊन राहिलेल्या मुलांवरून काढलेला आहे, ज्यांच्या अवतीभवती दुकानात, रस्त्यावर, टीव्हीवर इंग्रजीच असतं. तुझ्या मुलीला इंग्रजी भेटतं ते फक्त शाळेच्या कंपाउंडच्या आत, पाच-सहा तास, त्यातही अर्धा वेळ फळ्यावरचं उतरवण्यात जातो. तिला जास्त वेळ लागला तर तो तिचा दोष नाही आणि तुझाही नाही. उलट पुढच्या वर्षी ती फाडफाड बोलायला लागेल तेव्हा तू फसू नकोस, कारण बोलता येतं म्हणजे सायन्सचा धडा समजतो असं नसतं. चौथी-पाचवीत अचानक ‘मागे पडली’ म्हणतात ती बहुतेक हीच मुलं असतात.

३८ मुलांत हे कसं करायचं हा तुझा खरा प्रश्न. वेगळा तास घ्यायला तुला वेळ नाही हे मला माहितीये, मी २२ वर्षं शिकवलंय. म्हणून आहे त्या तासातच बदल कर.

धडा सुरू करण्याआधी पाच मिनिटं त्यांच्या भाषेत बोल. समज वनस्पतींचा धडा आहे, तर पुस्तक उघडायच्या आधी विचार, वावरात काय काय पेरलंय, कापसाला पाणी कधी देता, मूळ कुठं असतं, पान पिवळं का पडतं. बघ कशी बोलतील. सगळं त्यांना माहितीये, तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त. मग त्याच गोष्टींना इंग्रजी नावं दे आणि धडा इंग्रजीतून घे, हातवारे, चित्र, खरं रोप उपटून आणून. शेवटी पुन्हा जोडीजोडीनं आपापल्या भाषेत एकमेकांना सांगू दे, काय शिकलो. आधी घरची, मध्ये इंग्रजी, शेवटी घरची. मात्र एक चूक करू नकोस, आपल्याकडच्या सेमी-इंग्लिश वर्गांत ती सर्रास होते, ती म्हणजे प्रत्येक इंग्रजी वाक्यापाठोपाठ लगेच मराठी वाक्य. मुलं हुशार असतात, त्यांना दोन दिवसांत कळतं की बाई मराठीत सांगणारच आहेत, मग इंग्रजी वाक्य चालू असताना ती खिडकीबाहेर बघतात. भाषांतर सारखं दिलं तर इंग्रजी शिकायची गरजच उरत नाही. भाषा वापरायच्या दोन्ही, पण वेगवेगळ्या कामाला.

प्रश्न विचारल्यावर थांब. मनात पाच आकडे मोज, खरंच मोज. आपण बाया प्रश्न विचारून एका सेकंदात दुसऱ्याकडे वळतो. या मुलीला प्रश्न ऐकायचाय, मनात अहिराणीत न्यायचाय, उत्तर शोधायचंय, परत इंग्रजीत आणायचंय, तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या डॉक्टरच्या मुलानं उत्तर देऊन टाकलेलं असतं. आधी जोडीत बोलू दे, कुठल्याही भाषेत, मग हात वर. फळ्याच्या कोपऱ्यात अर्धी वाक्यं लिहून ठेव, ‘आय थिंक… बिकॉज…’, ‘धिस इज बिगर दॅन…’, त्यात तिला एकच शब्द भरायचा असतो आणि तरी तोंडून पूर्ण वाक्य येतं. आणि ती पहिल्यांदा बोलेल तेव्हा चुकीचंच बोलेल, ‘आय मार्केट इन गोइंग’ वगैरे. मध्ये तोडून सुधारू नकोस, ‘हो का, यू आर गोइंग टू द मार्केट?’ एवढं बरोबर करून परत तिलाच ऐकव, बास. त्या चुकीत तिची अक्कल आहे हे पण बघ. अहिराणीत ‘घरमा’, मराठीत ‘घरात’, दोन्हीकडे शेपूट मागे लागतं, इंग्रजीत तेच ‘इन’ होऊन पुढे येऊन बसतं. क्रियापद आपल्याकडे शेवटी, त्यांच्याकडे मध्ये. हे एकदा फळ्यावर तिन्ही ओळी एकाखाली एक लिहून मुलांनाच शोधू दे, वावरमा, शेतात, इन द फील्ड. मी हा खेळ घेतलाय, मुलं वेडी होतात, ज्या भाषेला नावं ठेवतात ती फळ्यावर लिहिलेली बघूनच त्यांचे डोळे चमकतात, आणि ज्यांच्या घरी फक्त मराठी आहे त्या मुलांनाही व्याकरण त्यातून कळतं.

शाळा स्टेट बोर्डाची असेल तर अजून एक सोपं. बालभारतीची पुस्तकं ऑनलाइन फुकट मिळतात, आणि परिसर अभ्यास, विज्ञान, गणिताचा तोच धडा मराठी माध्यमाच्या पुस्तकात मराठीत असतो. इंग्रजीतला धडा घ्यायच्या आदल्या दिवशी मराठीतल्या त्या पानाचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाक. घरी कोणीतरी, काका, मोठी बहीण, वाचून दाखवेल. मूल दुसऱ्या दिवशी ओळखीचा धडा ऐकायला येईल. गोष्टींसाठी स्टोरीवीव्हर ही प्रथम बुक्सची साइट आहे, तिथं एकच गोष्ट अनेक भाषांत सापडते, तीही फुकट.

आता तो पावरी मुलगा. त्याच्याबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास, पण मला त्याची जास्त काळजी वाटते. अहिराणी मुलीला तू मराठीतून समजावलंस तर ती निम्मं-अधिक पकडते. याच्यासाठी मराठी हीच दुसरी भाषा आहे आणि इंग्रजी तिसरी, म्हणजे तू ‘मुलांच्या भाषेत’ सांगितलं असं समजतेस तेव्हाही तो बाहेरच बसलेला असतो. तुला पावरी येत नाही, हरकत नाही. सहावी-सातवीत पावरी बोलणारं कोणी आहे का बघ, नाहीतर शाळेच्या गाडीचे ड्रायव्हर, होस्टेलचे काका, त्याच्या पाड्यावरचं कोणी शिकलेलं. दहा कामाचे शब्द मोबाइलवर रेकॉर्ड करून घे, पाणी, भूक, दुखतंय, समजलं नाही, परत सांगा, आणि तू स्वतः ते शिक, त्याच्यासमोर, चुकत चुकत. बाईला आपला शब्द नीट म्हणता येत नाही आणि ती हसून परत म्हणते, हे बघितल्यावर मुलाची चुकायची भीती जाते. होळी जवळ आली की त्यांच्याकडे होळीआधी भरतो त्या भोंगऱ्या बाजाराची चित्रं काढायला दे, ढोल, दागिने, पिसांचे टोप, वर्गाला सांगण्यासारखं त्याच्याकडे जेवढं आहे तेवढं बाकी कोणाकडे नाही. पण मोठ्या मुलाला रोज दुभाष्या करून याच्या शेजारी बसवू नकोस, त्याचाही अभ्यास आहे. आणि दोघांना मागच्या बाकावर एकत्र टाकू नकोस, ‘कच्ची मुलं’ म्हणून. चांगलं इंग्रजी बोलणारा आणि स्वभावानं शांत असा जोडीदार शोध.

दंडाबद्दल मी मऊ बोलणार नाही. पाच रुपये म्हणजे त्या बाजारात मेथीची अर्धी जुडी. एकोणिसाव्या शतकात वेल्समध्ये शाळेत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवायचे, तो दुसऱ्या कोणाला बोलताना पकडून देईपर्यंत ती त्याच्याच गळ्यात, दिवस संपताना जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे पाटी त्याला शिक्षा. मॉनिटरनं नावं लिहिणं यापेक्षा फार वेगळं नाही, मुलांना एकमेकांवर पाळत ठेवायला लावणं तेच आहे. त्याच वेल्समध्ये आज वेल्श माध्यमाच्या शाळा आहेत, आणि एकाच तासात दोन भाषा ठरवून वापरायची जी पद्धत जगभर ट्रान्सलँग्वेजिंग म्हणून ओळखली जाते ती तिथल्याच केन विल्यम्स यांच्या कामातून आली. आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही मनाई करतं, आणि कलम २९ म्हणतं की शक्य तिथवर शिकवणं मुलाच्या मातृभाषेतून व्हावं. पण हे कायदे घेऊन पहिल्याच दिवशी प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये जाऊ नकोस, तुझी नोकरी तीनच वर्षांची आहे. जा आणि एवढंच माग, सर, माझ्या वर्गात दिवाळीनंतर दोन महिने दंड बंद ठेवते, मला एक प्रयोग करू द्या. आणि रोज वहीत टिपून ठेव, आज किती मुलांनी आपणहून हात वर केला, कोणी नव्यानं तोंड उघडलं. फेब्रुवारीत ती वही त्यांच्यासमोर ठेव. संस्थाचालकांना पालकांचा राग नको असतो, त्यांना निकाल दाखवला की ऐकतात. तोवर जमा केलेला दंड शक्य असेल तर मुलांना परत कर.

मराठी शाळेत परत पाठवायचं का? मला प्रवेशाच्या आधी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, निदान पाचवीपर्यंत मुलाला समजतं त्या भाषेत शिकवा, २०२० च्या शैक्षणिक धोरणाचंही तेच म्हणणं आहे, आणि झेडपीच्या शाळेतही पहिलीपासून इंग्रजी विषय आहेच. पण आता त्या घरानं कापसाच्या पैशातून फी भरलीये. इंग्रजीशिवाय लेकीचं पुढे अडेल ही त्यांची भीती खोटी नाही, आपण इंग्रजी शिकलेल्यांनी त्यांना ‘मातृभाषेत शिकवा’ म्हणून उपदेश करणं मला बरोबर वाटत नाही. वर्षाच्या मध्ये उचलून नेलं तर तिला एवढंच कळेल की मी नापास झाले म्हणून काढलं. वर्ष पूर्ण होऊ दे. एप्रिलमध्ये आई-वडिलांना बोलावून सगळं नीट सांग, तिला काय येतं, किती वेळ लागेल, फी परवडते का, गावच्या शाळेत सेमी आहे का. ठरवायचं त्यांनी.

आणि आता तुझं. ‘शाळेत मी कधी अहिराणी बोलत नाही’ असं तू लिहिलंस, बाकीच्या मॅडम हसतील म्हणून. तुला कोणी दंड केला नव्हता ना लहानपणी? की केला होता? मला विचारावंसं वाटलं. ही भाषा काही चोरून बोलायची गोष्ट नाहीये, २०११ च्या जनगणनेत खानदेशी बोलणारे १८ लाखांच्या वर नोंदलेत, आणि जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये ज्या बहिणाबाईंचं नाव दिलं त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या खानदेशातल्या आपल्या घरच्या बोलीतच रचायच्या. त्या वर्गात इंग्रजी, मराठी आणि अहिराणी तिन्ही येणारी मोठी माणूस एकटी तू आहेस. मला सहा महिने लागले एक ‘येस’ समजायला, तुला एक सेकंद लागला असता.

म्हणून सुरुवात वर्गापासून नको, त्या आईपासून कर. फोन नको, फोनवर शाळेतून मॅडम बोलतात म्हटलं की ती नुसतं ‘हो, हो’ म्हणेल. येत्या मंगळवारी बाजारात जा, तिच्याजवळची मेथी घे, खाली बस जरा, आणि अहिराणीत सांग, ‘ताई, घरमा अहिराणीच बोला, बिनधास्त बोला.’ ती तुझ्याकडे बघतच राहील, मॅडम अहिराणी बोलतात म्हणून. मग तिला विचार, शनिवारी दप्तराविना येतात मुलं, तेव्हा वर्गात येऊन कापसाची वेचणी कशी करतात ते दाखवशील का, दोन-चार बोंडं घेऊन. तिनं तिच्या भाषेत सांगायचं, लेकीनं एकेका शब्दाचं इंग्रजी सांगायचं, बोंड, सरकी, वेचणी, तेवढे शब्द आदल्या दिवशी तिला शिकवून ठेव. पहिल्या खेपेला नाही बोलली तर तिला कापूस वाटायचं काम दे, आणि पुढचं कळव मला.